येते म्हण

मिनासे स्टेशनला हॉटेल हिदामारी इतकं चिकटून आहे, की गाडीतून उतरलेला माणूस स्टेशनातून कधी बाहेर पडला आणि हॉटेलात कधी शिरला, हे त्याचं त्यालाच कळत नाही. पाऊस असला तरी छत्री उघडावी लागत नाही. खोली मात्र एवढीशी, की बॅग उघडायची तर माणसाने पलंगावर मांडी घालून बसावं. तरीही जपानभर फिरणारे नोकरदार या हॉटेलावर जीव टाकतात, कारण इथली खोली एक-दोन दिवसांतच त्यांना ओळखू लागते.

डॉ. वृंदा तळपदे इथे उतरल्या त्या केवळ सोयीसाठी, असं त्यांनी पुण्याला बहिणीला सांगितलं होतं. ती शुद्ध थाप होती. त्यांची एकुलती एक मुलगी केतकी रेल्वेच्या रुळांची कंपनं मोजायची. टोकियोत राहायची, दर महिन्याला चाचण्यांसाठी मिनासेला यायची आणि हट्टाने सहाव्या मजल्यावरची हीच खोली घ्यायची. गेल्या हिवाळ्यात इथूनच ती टोकियोला परतली आणि त्याच संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. आता तिचं इथल्या प्रयोगशाळेतलं सामान न्यायला आई आली होती. सामान म्हणजे एक स्वेटर, कान तुटलेला कप आणि रुळाचा बोटभर तुकडा. तेवढ्यासाठी कुणी समुद्र ओलांडत नाही. मुलगी शेवटची जिथे झोपली, तिथे एकदा पाठ टेकावी, एवढंच त्या बाईच्या मनात होतं.

दार उघडून बॅग आत ढकलताना वृंदाबाई सवयीने पुटपुटल्या, "आले गं बाई एकदाची."

"आलीस? हातपाय धुऊन घे आधी," खोली म्हणाली.

आवाज हॉटेलचा होता, सपाट आणि नम्र. पण मराठी होती आणि शब्द वृंदाबाईंचेच होते. केतकी शाळेतून आली की त्या स्वयंपाकघरातून हेच म्हणत. पोरीने खोलीला ते शिकवून ठेवलं होतं.

फोनवर मायलेकींचे आवाज ओळखू येत नसत. नातेवाईक केतकीला 'वहिनी' म्हणून आपलं सगळं गाऱ्हाणं सांगून मोकळे होत. मग बिचाऱ्या खोलीला काय दोष द्यायचा? तिला वाटलं, केतकीच आली. पडदा सरकला आणि खाली रुळांचं जाळं दिसू लागलं. टबात पाणी सुरू झालं, हात घालवणार नाही इतकं कढत. लहानपणापासून कार्टीला असंच पाणी लागायचं. दिवे मंद झाले. आणि अंधारून येता येता वृंदाबाईंच्या पर्समधला फोन वाजला. फोनवर नाव होतं, 'केतकी हॉटेल'.

मिनासेला असली की केतकी याच वेळी, हॉटेलच्याच फोनवरून आईला फोन करायची. पुण्यात तेव्हा दुपारच्या चहाची वेळ असे. वृंदाबाई पलंगावर बसून त्या नावाकडे बघत राहिल्या. घेण्याचं धाडस झालं नाही. शेवटी त्यांनी तो बंद केला आणि पोटभर रडल्या.

खोलीबद्दल केतकीने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. पाहुणा कसा राहतो हे खोली शिकते, आणि तो हॉटेल सोडेपर्यंत त्याच्या सवयींचा एक ठसा तिच्यात राहतो. त्याला 'सवयछाया' म्हणतात. छाया काही बोलत-चालत नाही, विचार करत नाही. पाहुणा पुढच्या क्षणी काय मागेल याचा अंदाज तेवढा करते. वृंदाबाईंनी उभी हयात हवामान खात्यात अंदाजच वर्तवले होते. तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, म्हणजे माझीच नोकरी करते की तुझी खोली.

सामान दुसऱ्याच दिवशी ताब्यात आलं. वृंदाबाईंनी मुक्काम वाढवला. संध्याकाळी फोन पुन्हा वाजला तेव्हा त्यांनी धीर करून उचलला आणि म्हणाल्या, "हॅलो." ज्यावरून खोलीने फोन लावला, तो हॉटेलचा फोन उघडाच होता. त्यांचाच आवाज त्यातून फिरून, निमिषभर उशिरा कानाशी आला. हॅलो. हुबेहूब केतकी. त्यांच्या हातून फोन गळून पडला. पण तिसऱ्या दिवशीही त्या फोनची वाट बघत बसल्या, चौथ्या दिवशीही. रोज एकच हॅलो ऐकायचं आणि हुंदका फुटायच्या आत फोन ठेवायचा. पुण्याहून बहीण विचारत होती, एवढं काय काम आहे तिथे? त्या म्हणायच्या, कागदपत्रं रखडली आहेत.

मग एके दिवशी टबातलं पाणी कोमट आलं.

वृंदाबाईंनी खाली जाऊन तक्रार नोंदवली. जपानी हॉटेलात पाण्याची तक्रार म्हणजे चेष्टा नव्हे. सकाळी न्याहारीच्या वेळी मियाशिता नावाचे एक वयस्क गृहस्थ सूटबूट घालून त्यांच्या टेबलाशी येऊन कमरेत वाकले. ते नळदुरुस्तीवाले नव्हते, या हॉटेलातल्या सवयछायांची देखभाल करणारे अभियंते होते. बोलणं इंग्रजीतून झालं.

नळात काही बिघाड नाही, असं त्यांनी सांगितलं. पाहुण्यांना कोमट पाणी आवडतं असं खोलीच्या लक्षात आलं आहे. रोज टब भरल्यावर पाहुण्या गार पाण्याचा नळ सोडतात. पडदाही लगेच ओढून घेतात, म्हणून काल तो उघडलाच नाही. दिवे पहाटेच लागतात, कारण पाहुण्या पहाटे उठतात.

वृंदाबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. केतकी पहाटे उठल्याचं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"नवं निरीक्षण जुन्यापेक्षा जड धरता तुम्ही," त्या सावकाश म्हणाल्या. "परवाच्या वाऱ्यापेक्षा आजचा वारा महत्त्वाचा, तसं."

"अगदी तसंच. माणूस बदलतो. छायेनेही बदलायला हवं, नाहीतर ती निरुपयोगी."

"आणि रोज संध्याकाळी लागणारा फोन?"

मियाशितांनी हातातल्या टॅबलेटवर बोट फिरवलं. "तो रोज लागताच तोडला जातो. अजून दोन-तीन दिवसांत खोली तो लावायचं सोडून देईल."

जिने आयुष्यभर याच हिशेबाने अंदाज बांधले, तिलाच ते कळू नये! पण दुःखात माणसाची विद्या अशीच जागेवर सापडत नाही. मुलीच्या सवयींत चार दिवस राहायला आलेली आई स्वतःच्या हातांनी त्या पुसत होती. टबात गार पाणी सोडून, पडदा ओढून, हुंदका आवरून.

वृंदाबाईंनी सगळं सांगून टाकलं. पाहुणी आपण नाही, ती गेली, आपण तिची आई. मियाशितांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, की हे आपण ऐकलंच नाही असं समजा. मृत व्यक्तीची छाया कळताक्षणी पुसावी असा कायदाच आहे. यंत्रणेच्या मते मात्र वृंदाबाईंची मुलगी या घडीला सहाव्या मजल्यावर सुखरूप राहते आहे.

"पण कायदा जाऊ द्या. हॉटेल सोडलं की छाया पुसतातच ना? मग तिची इतके महिने कशी राहिली?"

"त्याचंच मला कोडं होतं. काल शोधून काढलं." ते किंचित हसले. "आमच्याकडे घरातून निघताना 'इत्तेकिमास' म्हणतात. जाऊन येतो. पण हॉटेल कायमचं सोडताना ते कुणीही म्हणत नाही. तुमची मुलगी दर वेळी दारात तुमच्या भाषेत एक शब्द म्हणायची. यंत्रणेने त्याचा अर्थ इत्तेकिमास असा घेतला. पाहुणी बाहेर गेली आहे, परत येणार आहे. येईपर्यंत छाया झोपवून ठेवायची, मध्ये दुसरं कुणी राहिलं तरी तिला धक्का लावायचा नाही."

तो शब्द कोणता, हे विचारायची गरज नव्हती. लहानपणी केतकी 'जाते गं' म्हणून उंबरा ओलांडू लागली, की वृंदाबाई तिला दंडाला धरून मागे ओढायच्या. जाते म्हणू नये, येते म्हण. पोर कुरकुरत म्हणायची. मोठी झाल्यावर ते तिच्या जिभेवर इतकं बसलं, की परक्या देशातल्या रिकाम्या खोलीलाही ती येते म्हणून निघायची.

"येते म्हणाली आणि आली नाही," वृंदाबाई म्हणाल्या. "मियाशिता-सान, या शब्दाचा मला फार राग येतो आता."

मियाशितांनी मान झुकवली.

छाया बरोबर नेता येईल का, असं वृंदाबाईंनी विचारून पाहिलं. येणार नव्हती. ती या नळाची, या पडद्याची, या फोनची होती. खोलीबाहेर तिला काही अर्थच नव्हता. आहे तशी गोठवायची, तर पाहुणीची स्वतःची संमती हवी. उरला एकच मार्ग, आणि तो मियाशितांनी न सांगताही त्यांना कळला. त्या राहिल्या, तर केतकीची छाया हळूहळू त्यांची होणार. मुकाट्याने निघून गेल्या, तर पुसली जाणार. केतकीचा तो शब्द म्हणून निघाल्या, तर खोली वाट बघत राहील. पण पुन्हा कधी त्या दारात आल्या, की छाया त्यांच्या आवाजाने जागी होणार आणि पुन्हा झिजू लागणार.

"किती दिवस वाट बघता तुम्ही?"

"येतो म्हणालेल्या पाहुण्याची? तो येईपर्यंत."

त्या खोलीत परतल्या. शेवटची आंघोळ त्यांनी केली ती कढत पाण्याने. टब भरल्यावर गरम नळ आणखी सोडला, अंग भाजून निघालं तरी दात आवळून बसल्या. पडदा सताड उघडला. एका आंघोळीने काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण मुलीचं थोडंतरी मुलीला परत करावं असं वाटलं. संध्याकाळी फोन जरा उशिराच वाजला. त्यांनी तो तोडला नाही. पुण्यातला पाऊस, मावशीचे गुडघे, कुंडीतली जास्वंद, असं केतकीला सांगायचं राहिलेलं सगळं सांगितलं. फोनमधून त्यांचंच बोलणं मुलीच्या आवाजात परत येत होतं. एकमेकींत मिसळून कुठलं कुणाचं ते कळेनासं झालं, तरी त्या बोलत राहिल्या.

सकाळी त्यांनी स्वेटर, कप आणि रुळाचा तुकडा बॅगेत भरला. दारात उभ्या राहून खोली एकदा डोळे भरून पाहिली. 'जाते' खरं होतं, तेच म्हणायला हवं होतं. पण तेवढ्यात दंडावर कुणाचीतरी पकड जाणवावी तसं झालं, आणि त्या म्हणाल्या, "येते."

"ये," खोली म्हणाली. "सावकाश ये. घाई करू नकोस."

हेही त्यांचंच होतं. केतकी निघाली, की जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं त्या म्हणायच्या. त्यांनी मान हलवली, दार ओढून घेतलं आणि पुन्हा कधीही न येण्यासाठी स्टेशनाकडे निघाल्या.