पेलेल तेवढंच

डब्याचं झाकण फरशीवर गरगरलं, खणखणत थांबलं आणि घरातली शांतता मोडली. सात वर्षांच्या रेवानं ते उचलून पुन्हा फिरवलं. तिच्या मनगटावर ठोके मोजणारी नाडीपट्टी होती आणि पुढ्यात धीरवाणी, वाटीएवढं, आईच्या आवाजात बोलणारं यंत्र. ते आत्ताच गप्प झालं होतं.

तिची आई शर्वाणी दारातून बघत होती. धीरवाणी तिनंच घडवलेली. तपासणीतलं निदान घरच्यांना कसं सांगायचं, ही चिंता आता शहरातल्या कुठल्याच डॉक्टरला उरली नव्हती.

"तुझ्या सासूबाईंना काय सांगितलं गं धीरवाणीनं?" बालमानसतज्ज्ञ नसरीननं हळूच विचारलं.

"नात जरा अबोल आहे, मोठेपणी निवळेल. देवापुढे साखर ठेवून आल्या लगेच."

"आणि निनादला?"

"लेक गणितात बापावर गेलीय. बघ ना, कसा मिरवतोय."

"तुला?"

"स्वमग्नता आहे, पण सौम्य. सगळं मार्गी लागेल."

"सगळ्यांसाठी अहवाल एकच ना? तुम्हा मायलेकींच्या तपासणीचा?"

"एकच. पण ऐकणाऱ्याची नाडी शांत होईपर्यंत ती वाक्य बदलत राहते. नियम माझाच. खोटं नाही गं, पेलेल तेवढंच."

"'निवळेल' हे खोटं नाही?"

शर्वाणी लेकीच्या मनगटाकडे बघू लागली.

"रेवाची नाडी शांत व्हायला फार वेळ लागला," नसरीन म्हणाली.

"तिला मोघम चालत नाही. 'थांब जरा' म्हटलं तरी किती मिनिटं ते सांगावं लागतं, नाहीतर नाडी नुसती धावते." शर्वाणी अडखळली. "म्हणजे तिला शांत करायला..."

"सगळं खरं सांगावं लागलं असणार."

शर्वाणी लेकीजवळ जाऊन बसली. "रेवू, काय म्हणाली गं ही?"

"मी स्वमग्न आहे. तो आजार नाही. मोठी झाले तरी मी अशीच असणार. मिक्सरचा आवाज मला टोचतो तो त्यामुळेच." रेवाची नजर झाकणावरच होती. शर्वाणीचे डोळे भरून आले. इतकं सोपं होतं तर!

"मग मी विचारलं, आईला हेच सांगितलंस? ती म्हणाली, नाही. तिला अर्धंच सांगितलंय. उरलेलं तुझ्याबद्दल नाही, तिच्याबद्दल आहे. तिला पेलणार नाही."

शर्वाणीनं झटकन नसरीनकडे पाहिलं. "तू वाचलायस ना अहवाल?"

नसरीनचा चेहरा उतरला. तिनं बाही सावकाश वर सारली. मनगटावर नाडीपट्टी होती.

"मलाही धीरवाणीनंच वाचून दाखवला."

झाकण डगमगत थांबलं.

"आई," रेवानं विचारलं, "तुला काय सांगितलेलं नाही?"