तलावातल्या काळ्या पट्ट्या

शामरावांचं मनगट मोडलं आणि देवीदासची नोकरी धोक्यात आली, दोन्ही एकाच सकाळी.

तेलीबांधा भागातल्या एका सोसायटीत पोहण्याच्या तलावाच्या तिसऱ्या पायरीवर म्हाताऱ्या शामरावांचा पाय सटकला. पायरीवर काळं, चिकट शेवाळ होतं. तलाव सांभाळायचा देवीदास. सोसायटीच्या सचिव अपर्णाताईंनी त्याला सगळ्यांदेखत 'कामचोर' म्हणून झापलं. त्याला काढायचा निर्णय पाचच्या बैठकीत व्हायचा होता. पण अपर्णाताईंनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेलं. कारण कळल्याशिवाय सही करवेना. दुपारी त्या तलावावर आल्या.

"क्लोरीन रोज टाकतोस?"

"हव दीदी. सकाळ-संध्याकाळ."

त्यांनी पाणी तपासलं. क्लोरीन अगदी हवं तेवढं होतं.

"मग हे आलं कुठून?"

"महिना झाला, रोज घासून राहिलो. जितकं घासतो तितकं पसरते."

डाग तलावाच्या सावलीतल्या भिंतीवरही होते, वीतभर रुंदीच्या सरळ पट्ट्यांमध्ये. देवीदासच्या हातातला ब्रशही वीतभरच रुंद होता.

"हा एरवी कुठे असतो?"

"कुलपात."

"किल्ली?"

"एक माझ्याजवळ. एक हापिसात." देवीदास खाली बघत म्हणाला.

अपर्णाताईंनी ब्रशचे केस फाकवले. मुळाशी एक पिवळट काडी अडकली होती. त्यांनी ती नाकाशी नेली. खस! कूलरच्या ताट्यांत भरतात तो वाळा. इथे घरोघरी एसी. कूलर एकाच घरात होता.

त्या तिथेच काठावर बसल्या.

पाच वाजता बैठक भरली. शामरावही प्लास्टर घालून आले होते.

"देवीदासने क्लोरीनमध्ये कसूर केली नाही," अपर्णाताईंनी सुरुवात केली. "हे शेवाळ मोठं चिवट. चिकट थराखाली, भेगांमध्ये दडून बसतं, क्लोरीन आत पोचतच नाही. आपल्याकडे ते ब्रशवरून आलं. महिन्यापूर्वी कुणीतरी तलावाचा ब्रश नेऊन कूलरची टाकी घासली आणि नळाखाली धुऊन परत ठेवला. देवीदास इमानदारीने घासत गेला, तसं ते पसरत गेलं. आता डाग तारेच्या ब्रशने खरवडून त्यांवर क्लोरीन चोळावं लागेल. जुना ब्रश फेकायचा."

"पण कूलर कोणाचा?" शामरावांनी विचारलं.

"माझा. एसीत आमच्या यांचे सांधे आखडतात. ऑफिसातली किल्लीही माझ्याकडेच असते. इतकी साधी गोष्ट वाटली मला, की ब्रश नेल्याचं विसरूनही गेले."

लाजेने त्यांची मान वर होईना. दाराशी उभ्या देवीदासला त्यांनी विचारलं, "तू मला ब्रश नेताना पाहिलं होतंस ना? मग बोलला का नाहीस?"

"सकाळी बोलणारच होतो, दीदी. पण तुम्ही आधीच कामचोर म्हटलं. मंग कामचोराचं कोण ऐकते?"

"चुकलं माझं, देवीदास," म्हणत अपर्णाताईंनी हात जोडले. मग खोलीतली माणसं मोजली. बारा. सकाळी तलावावर ते 'कामचोर' ऐकणारी तीसेक तरी होती. उरलेल्यांची दारं ठोठावायला त्या तशाच उठल्या.