बाबांचे सेंटिमीटर

दोन पत्र्यांच्या मध्ये जेमतेम वीतभर फट होती. मी त्यातून डोकं घातलं, आणि ते अडकलं.

"बाहेर यायचंय की आत?" पलीकडून आवाज आला.

"आत! पाणी मोजायचंय मला."

हेल्मेटवाल्याने पत्रा तिरका करून माझी मान सोडवली, आणि मला बाहेरच ठेवलं. तो साइट इंजिनिअर होता. पावसाळी पाण्याचे पाइप टाकायचे असल्याने ओढ्याकाठची पायवाट सहा महिने बंद राहील, हे त्याने फलकावर बोट ठेवून वाचून दाखवलं... जणू मी पहिलीतच आहे.

मग मीही माझी वही दाखवली. माझे बाबा शिंपी. रोज सकाळी सातला, दुकान उघडण्याआधी, जुन्या पुलाच्या खांबावर स्वतः रंगवलेल्या आकड्यांवरून ते ओढ्याची पातळी टिपून ठेवत. एकोणीस वर्षं. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. वही मी चालू ठेवली होती, एकही दिवस कोरा न सोडता.

त्याने पानं चाळली. शेवटच्या पानांवरचं बदललेलं अक्षर त्याच्या लक्षात आलं असावं.

"नंबर द्या," तो म्हणाला. "रोज सातला आकडा पाठवतो."

आकडे येऊ लागले. आणि आकड्यांना शेपट्याही. 'सत्तर. खांबावर खंड्या बसलाय.' 'एकोणसत्तर. चहा झाला?'

'फक्त आकडा,' मी कळवलं.

दुसऱ्या दिवशी खरंच फक्त आकडा आला. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. "पत्रेवाल्याशी भांडलीस का?" आईने विचारलं. मी दार आपटलं.

नवव्या दिवशी 'बाहत्तर' आला. पावसाचा थेंब नाही आणि पाणी तीनने वाढलं? मी तरातरा साइटवर गेले.

"खांबावरचे आकडे आता वाळूच्या पोत्यांआड गेलेत," तो म्हणाला. "मी माझ्या पट्टीने मोजलं. पाणी एकानेच वाढलंय. बाकीचे दोन... रागावू नका, पण तुमच्या बाबांचे आकडे चुकलेत."

"एकोणीस वर्षं?"

"एकोणीस वर्षं."

मी घरी आले आणि सगळा राग आईवर काढला. ती ऐकता ऐकता हसायलाच लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"अगं, त्या खुणा दुकानातल्या टेपने केल्या होत्या. वापरून वापरून पार ताणली होती ती! नवी घ्या म्हटलं, तर म्हणे हाताला सवय झालीये. गिऱ्हाइकं उगाच म्हणायची का, सांगितलेल्या मापापेक्षा सदरा जरा सैलच होतो म्हणून?"

सकाळी मी ती टेप घेऊन गेले. एका मोठ्या पाइपवर त्याने आपली पोलादी टेप पसरली, शेजारी बाबांची. एक टोक मी धरलं, दुसरं त्याने. बाबांचे शंभर म्हणजे खरे एकशे तीन.

"झालं तर मग!" तो खुशीत म्हणाला. "जुने आकडे सगळे दुरुस्त करता येतील. मी बसतो एका रविवारी..."

मी टेप गुंडाळायला लागले. गुंडाळलेली पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नको," तो हळूच म्हणाला. "वही आहे तशीच राहू दे. रोज मीच माझा आकडा चुकवून पाठवतो."

"इंजिनिअर आहात ना तुम्ही?"

"म्हणून तर नीट चुकवता येईल."

त्यानंतर आकड्यांच्या शेपट्या लांबत गेल्या. मी तक्रार केली नाही.

काम संपलं. पत्रे निघाले, पोती हटली, खांब पुन्हा दिसू लागला. आम्ही पुलावर उभे होतो.

"आता तुमचं तुम्हालाच मोजता येईल," तो म्हणाला. "माझी पुढची साइट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे."

"छान."

"तरी सकाळी... आलो असतो मी. तुमची हरकत नसेल तर."

"इतक्या लांबून? एका आकड्यासाठी?"

"अगं, आकड्यासाठी कोण येतंय!" तो असा वैतागला की 'तुम्ही'सुद्धा विसरला. मग कानापर्यंत लाल झाला.

खाली पाणी वाहत होतं. मी वही मिटली.

"मग घरून सहालाच नीघ," मी म्हटलं. "उशीर केलास तर मी थांबणार नाही हं."