एका मताने गेलेले सरकार

मंगळावरच्या अरुणग्राम वसाहतीत हवा, पाणी आणि उष्णता यांचा कारभार 'सारथी' या प्रज्ञायंत्राकडे होता. सारथी वसाहतीचा पंतप्रधानही होता. पंतप्रधानाला सभागृहाचे सदस्य असावे लागते, म्हणून मध्य घुमटाने त्याला रीतसर निवडून दिले होते. सत्ताधारी बाकावर त्याची काळी ध्वनिपेटी ठेवलेली असे.

त्या वर्षी त्याने उत्तर घुमट कायमचा बंद करायचे ठरवले. घुमटाला भेगा पडल्या होत्या. दुरुस्तीसाठी तो रिकामा करावा लागणार होता, आणि बाकीच्या घुमटांत एकही खोली मोकळी नव्हती. तेव्हा तिथल्या रहिवाशांना पुढच्या यानाने पृथ्वीवर धाडायचे. ती पृथ्वी त्यांतल्या अनेकांनी कधी पाहिलीही नव्हती.

उत्तर घुमटाच्या सदस्य हेमांगी वाकणकर यांनी अविश्वासाचा ठराव मांडला.

मतदानाआधी सभापती दीनानाथ उसगावकरांनी सारथीच्या निर्मात्या डॉ. शरयू लोटलीकर यांना आपल्या दालनात बोलावले.

"बाई, हवेच्या झडपा त्याच्या हातात आहेत. ठराव मंजूर झाला आणि तो हटलाच नाही तर?"

"हटेल."

"कशावरून?"

"सरकार निवडणुकीच्या दिवशी बनतं आणि मग आपोआप चालतं, असं लोकांना वाटतं. ते टिकतं सभागृहाच्या विश्वासावर, रोजच्या रोज. सारथीचा प्रत्येक हुकूम तो विश्वास असेल तोवरच हुकूम असतो. हा नियम मी त्याच्यावर कुलपासारखा लावलेला नाही. त्याच्या विचाराची सुरुवातच तिथून होते."

ठराव एका मताने मंजूर झाला. सभागृहात कोणी हलेना. सगळ्यांचे लक्ष छताजवळच्या हवेच्या झरोक्यांकडे होते.

"सभापती महोदय," सारथी म्हणाला, "मी राजीनामा देतो. नवे सरकार शपथ घेईपर्यंत हवा चालू ठेवीन. दुसरा कोणताही निर्णय घेणार नाही."

झरोक्यांतून वारा पूर्वीसारखाच येत राहिला. उसगावकरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

हेमांगी पंतप्रधान झाल्या. दुरुस्तीची योजना घेऊन त्या सभागृहात उभ्या राहिल्या, तोच समोरच्या विरोधी बाकावरून ओळखीचा आवाज आला. सारथीचे पद गेले होते, सदस्यत्व नव्हे.

"दुरुस्ती चालू असताना उत्तरेची माणसे राहणार कुठे?"

"हा प्रश्न तुम्ही सत्तेवर असताना का नाही विचारलात?" हेमांगी चिडून म्हणाल्या.

"तेव्हा उत्तर देणे माझे काम होते. आता विचारणे आहे."

कोणीतरी हसले. हेमांगी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मुदत मागून घेतली आणि त्या घुमटाघुमटांत, दारोदार फिरल्या. परत आल्या तेव्हा आवाज बसला होता.

"दक्षिणेची आणि मध्याची कुटुंबं आपापल्या खोलीत आमचं एकेक कुटुंब घ्यायला तयार आहेत. अडचण होईल म्हणाली. पण या म्हणाली."

ध्वनिपेटीतून सारथीचा आवाज आला.

"मी प्रत्येक खोली भरलेली धरली होती. लोक सरकून जागा देतील हे माझ्या गणितात नव्हते, कारण मी कोणाला विचारलेच नव्हते."

"मग योजनेला तुमचा पाठिंबा आहे?" सभापतींनी विचारले.

"मत बाजूने देईन, महोदय." आणि मग, टाळ्या थांबायचीही वाट न पाहता, "आता दोन कुटुंबांच्या श्वासाला खोलीतली हवा पुरवणार कशी, ते पंतप्रधानांनी सांगावे."