चोरखिशाचे कोट

मेकॅनिक पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या दातांत दोरा होता आणि ओठांवर शिवी. शिवी शिलाई मशीनला होती, पण नेमका तोच दारात उभा!

बाहेर पाऊस, म्हणून तो आडोशाला आलेला. लढाईतून जीव घेऊन पळालेले आम्ही या परक्या शहरातल्या जुन्या गोदामात पडदे बांधून राहत होतो. मदतीत आलेल्या ब्लँकेटांचे मी कोट शिवायचे. घरचं माणूस एकच उरलं होतं, बाबा. आई आणि धाकटा भाऊ तिकडेच राहिले... कोसळलेल्या घराखाली.

"मशीन कण्हतंय," तो म्हणाला. "तेल कधी पाजलं होतं?"

"आमच्याच ताटात नाही, त्याला कुठून पाजू?"

तो हसला. खिशातून कुपी काढून खाली वाकला. भुवईवरचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला... मी बघत नव्हते. पोरींनो, खोटं कशाला बोलू — बघत होते.

मग तो वरचेवर यायला लागला.

"मशीन ठणठणीत आहे," मी म्हणायचे.

"असेल. पण एकटं पडत असेल बिचारं."

"त्याला सोबत आहे. तुम्ही आपलं बघा."

एका मोठ्या दुकानानं कोट मागवले. गोदामातल्या बायका हाताशी घेऊन मी ते पुरे केले, आणि सगळेच्या सगळे परत आले! दुकानदार म्हणे, "बाई, काखेत आतून हे काय शिवलंय?"

प्रत्येक कोटाला चोरखिसा होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पळताना आमचं सारं घर असल्याच खिशात मावलं होतं : अंगठी, किल्ली, लेकरांचे फोटो. त्याच्याशिवाय कोट पुरा होतो हे आमच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

आम्ही उसवायला बसलो. मेकॅनिकही बसला. चार टाके काढून म्हणाला, "उसवू नका. दुकान बदला. बाजारातल्या भाजीवाल्यांना, ट्रकवाल्यांना असलाच खिसा हवा असतो." कोट हातोहात गेले. माझ्या कारखान्याची सुरुवात ती. आता म्हातारपणी पुस्तकं लिहिते, तर मुलाखतवाले विचारतात, धंदा कसा उभा केलात. उसवायला बसलो त्या दिवशी पुढे काय बोलणं झालं, ते कुणी विचारत नाही.

"तुमच्याही कोटाला आहे खिसा?" त्यानं विचारलं.

"आहे. रिकामा."

"म्हणजे अजून निघायची तयारी आहे."

"बाबांची आहे. लढाई संपली की आम्ही परत जाणार."

उसवलेले चार टाके परत घालणारी त्याची सुई थांबली. "आणि... मी?"

"तुम्ही मशीनं दुरुस्त करा."

जीभच तशी माझी.

लढाई संपली. आम्हाला परत नेणारा ट्रक आला. मेकॅनिक आला तो मशीन चढवायला. "जड आहे, तुम्हाला झेपणार नाही," एवढंच बोलला. मला अडवलं असतं तर चांगला फैलावर घेतला असता. पण त्यानं अडवलं नाही. मशीन घट्ट बांधलं, दोर दोनदा ओढून बघितला आणि बाजूला झाला.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उतर," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही एकटे —"

"त्या ढिगाऱ्यापुढे उभं राहून मला दोघांना हाका मारायच्यात. ते तू ऐकू नकोस." मग ट्रकखाली उभ्या मेकॅनिकवर ओरडले, "बघतोस काय? मशीन उतरव!"

ट्रक गेला. वळणावर बाबांचा हात दिसला. बाबा पुन्हा कधीच दिसले नाहीत.

चिखलात मशीन, अलीकडे मी, पलीकडे तो.

"मी राहतेय," मी म्हणाले. "पण आज हसायचं नाही."

"नाही हसत."

"आणि लग्नाचं विचारायचं नाही. आजचा दिवस मी बाबांची आहे."

"बरं. उद्या विचारतो."

त्याच्या खांद्याला मशीनच्या तेलाचा वास होता. तिथं डोकं टेकलं आणि भोकाड पसरलं — बाबांसाठी, आईसाठी, धाकट्यासाठी. त्याच्यासाठी एक टिपूस नव्हतं. त्यालाही ते कळत होतं. माझं रडणं आटपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, पाय अवघडले तरी हलला नाही.