दुवाछेद

त्या वर्षी मिरजेत संध्याकाळच्या भजीच्या गाड्या लागेनाशा झाल्या. उदास वाटलं म्हणून आता कुणी काही खात नव्हतं.

ही दुवाछेदाची किमया. मेंदूत भावना आणि भूक यांना जोडणारा तंतूंचा एक दुवा असतो. ध्वनिलहरींनी तो तोडला की दुःख दुःखाच्या जागी राहतं, जेवण जेवणाच्या. नवरा गेल्यापासून शालन आवटी फरसाणाच्या पिशव्या रिकाम्या करत संध्याकाळ ढकलायची. तिनेही दुवा तोडून घेतला.

मग मुकुंद आला. जयसिंगपूरचा धाकटा भाऊ. दर रविवारी तिच्याकडे जेवायला येणारं तेवढं एकच माणूस. त्याची बायको वैजू नुकतीच वारली होती.

"आमटी वाढू?"

"नको आक्का. भूकच नाही."

"बरं." शालनने पातेलं झाकलं.

मुकुंद ताटाकडे बघत राहिला. "झाकलंससुद्धा? पूर्वी मी ताटावर हात धरला तर हातावर वाढायचीस!"

"तूच नको म्हणालास."

"तेही खरंच म्हणा."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही.

शालन तिचा दुवा तोडणाऱ्या डॉक्टर मुजावरबाईंकडे गेली. तिने भावाचं सांगितलं.

"खाऊन दुःख विसरणं आणि खाऊ घालून माया करणं, मेंदूत दोन्हींचा रस्ता एकच," बाई म्हणाल्या. "अर्धा बंद करता येत नाही. आम्हालाही हे उशिरा कळलं."

"मग जोडा परत."

"ते अजून जमत नाही. भाऊ येत नाही, वाईट वाटतं का?"

"वाटतं की! पण नुसतं वाटत बसतं. आधी त्या वाटण्याला हाताशी काही काम असायचं."

बाई हसल्या नाहीत.

दिवेलागणीला मुकुंदचा फोन आला. "आक्का, संध्याकाळ झाली की ओट्याशी उभा राहून डबे उपसतो गं. वैजूच्या हातचं लोणचंही नुसतंच खाऊन संपवलं. मी पण तुझ्यासारखा दुवा तोडून घेऊ का?"

घेतला, तर दुःखात बहिणीच्या हातचं खावंसं त्यालाही वाटणार नव्हतं; तो पुन्हा कधी तिच्याकडे जेवायला येणार नव्हता. हे शालनला नीट कळत होतं. इथे बहिणीचं एक वाक्य हवं, हेही कळत होतं.

.

.

ती ते वाक्य शोधत राहिली.

"आक्का? आहेस ना?"

"आहे," शालन म्हणाली. "सकाळी उपाशीपोटी जावं लागतं."