दसऱ्याचा पेशंट

“कुंकू, की अक्षता?”

रिपेअरच्या दुकानातल्या मुलाने मान वर न करताच विचारलं. लॅपटॉपची बॅग छातीशी धरून मी पायरीवर उभी होते… अजून तोंडही उघडलं नव्हतं.

“म्हणजे?”

“काल दसरा झाला. आज सकाळपासून हा चौथा पेशंट.” आता त्याने वर पाहिलं आणि हसला. “पूजा झालीय ना?”

झाली होती. तोच तर सगळा घोळ होता.

माझे बाबा, लवू परब, लालबागच्या एका मिलमध्ये साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. दर दसऱ्याला ते आपल्या साच्याची पूजा करायचे. मिल बंद पडली आणि पूजेला यंत्रच उरलं नाही. वीसेक वर्षं आमच्या काळाचौकीच्या खोलीत दसऱ्याला नुसतं तोरण लागायचं. यंदा मी घरून काम करायला लागले आणि काल बाबांनी नवा सदरा घालून माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फुलाने पाणी शिंपडलं. त्यांचे डोळे भरून आले होते. संध्याकाळी लॅपटॉप घरघरला, स्क्रीन निळी झाली, मग काळी… आणि तो पुन्हा सुरूच होईना.

“कामाचं मी निभावून नेईन,” मी म्हटलं, “पण बाबांना कळता कामा नये. त्यांच्या पूजेने बंद पडला असं कळलं तर ते पुन्हा कशाला हात लावायचे नाहीत. इथे आलेच, तर सांगा की विंडोज उडालं.”

“उडालं नसेल तर?”

“तरी सांगा!”

“खोटं नाही बोलणार.” त्याने स्क्रू काढायला घेतले. “स्वतःहून काही सांगणार नाही. पण विचारलं, तर खरं तेच सांगेन.”

असला शिष्ट माणूस! तडक दुसरं दुकान गाठावं असं वाटलं. पण त्याची बोटं इतकी हळुवार चालत होती, की माझा पाय काही निघेना.

त्याने आतली मेमरीची पट्टी काढली, तिच्यावरचा लाल डाग मला दाखवला आणि चक्क शाळेतल्या खोडरबराने घासायला लागला.

“हे काय?”

“चुका खोडतोय. तुमच्या.”

पट्टी परत बसवली, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली. मी टाळ्याच वाजवल्या. दोन मिनिटांनी पुन्हा अंधार.

“फॅन फिरत नाहीये. गरम होऊन बंद पडतोय,” तो म्हणाला. “नवा मागवतो. उद्या या.” पावतीवर त्याने सही केली. बुद्धभूषण.

“मग काल तुमच्याकडे…?”

“धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे, वंदना, खीर. मशीनला सुट्टी.”

“म्हणून तुमची मशीन ठणठणीत.”

“आणि तुमच्यामुळे माझा धंदा!”

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, फॅन आलाच नाही. मला राग यायला हवा होता… आला नाही. स्टुलावर बसले, चहा आला, ‘तुम्ही’चं ‘तू’ आणि बुद्धभूषणचा भूषण कधी झाला कळलंच नाही. बोलता बोलता त्याने विचारलं, “तुझे बाबा कुठल्या मिलमध्ये होते?” मी नाव सांगितलं, तसा त्याचा हात थांबला.

“माझे आजोबा तिथेच होते. भिवा जाधव. सूत कातायच्या खात्यात. साच्यांच्या खात्यात आमच्या लोकांना घेत नसत. तिथे धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा ना… आमचं उष्टं कोणाला चालणार?”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. काउंटरवर त्याचा अर्धा उरलेला ग्लास होता. मी तो उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

“आकांक्षा… तो माझा होता.”

“माहितीये.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पटकन घड्याळ बघितलं आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी तो नवा फॅन बसवत होता, आणि पायरीवर बाबा उभे!

“तीन दिस खंय जातंस, तां बघूक इलंय.” उघडा पडलेला लॅपटॉप त्यांना दिसला. “काय झालां रे ह्याका?”

मी भूषणकडे पाहिलं. डोळ्यांनीच हात जोडले.

“तुमच्या अक्षता, काका,” तो म्हणाला. “दाणा फॅनमध्ये अडकला, फॅन जळाला.”

बाबांचा चेहरा उतरला. “म्हणजे… माज्यामुळां?”

“काका, मिलमध्ये चालू साच्यावर अक्षता टाकायचात?”

“खुळो काय तू! पट्टो उतरवून, साचो पुरो बंद करून, मगेच पूजा. पण ह्याचां झाकण बंद होतां!”

“झाकण लावलं म्हणून हा बंद होत नाही. आत चालूच असतो. नीट बंद करायचं काम हिचं.”

बाबा माझ्याकडे वळले. “चालू मशीन सोडून उठलंस?”

मग जी काय खरडपट्टी निघाली! पण मला बरं वाटत होतं. बाबांचा आवाज चढला होता, हात हलत होते, एका शिकाऊ कामगाराला ते झापत होते. शेवटी त्यांनी नव्या फॅनला कान लावला. “बरो चलता.” मग भूषणला विचारलं, “तू खयचो?”

“वरळी, बीडीडी चाळ. भिवा जाधवांचा नातू. तुमच्याच मिलमध्ये होते ते.”

बाबांनी त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. “मी फुडे होतंय,” म्हणाले आणि पायरी उतरले.

मी बॅग उचलली.

“एक सांगायचंय,” भूषण खाली बघत म्हणाला. “फॅन… कालच आला होता.”

“म्हणजे तू खोटं बोललास?”

“हो. तू अजून एकदा यावीस म्हणून.” त्याने वर पाहिलं. “आवडतेस तू मला. हे मात्र खरंय.”

“मलाही…” एवढंच जमलं. बॅग खांद्याला लावून मी पायरी उतरले.

बाबा नाक्यावर थांबले होते. त्यांना दुखवायची भीती आज तीन दिवसांपूर्वीपेक्षा कितीतरी मोठी होती. पण आता लपवायचं नव्हतं.

“बाबा, मला भूषण आवडतो.”

ते चालायला लागले. सिग्नल आला, गेला.

“भिवाक मी ओळखय होतंय,” ते अखेर म्हणाले. “जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्याच्या दारापर्यंत येयचो, बोलायचो, थंयसूनच परत जायचो. माझ्या टायमाक मनाई नव्हती. पण तो आत येयचो नाय… आणि आमीपण कदी ‘ये’ म्हटलां नाय.”

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने चेहरा पुसला.

“रविवारी पोराक जेवूक बोलव. दारात उभो ऱ्हवलो, तर मी हात धरून आत आणतलंय.”

मी भर रस्त्यात थांबून भूषणला फोन लावला.